हॉर्न काढलेली मोटार

माझं लग्न मोटारीशी लागलं असं आमच्या गावातले लोक म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. स्थळ आलं तेव्हा मुलगा किती शिकला, स्वभाव कसा, हे आमच्या आप्पांनी विचारल्याचं मला आठवत नाही. बेलापूरच्या बाजूचे बागायतदार, पाटाच्या पाण्यावर ऊस, घरचं गुऱ्हाळ आणि दारात मोटार, एवढं कानावर पडलं आणि माझे वडील बसल्या जागेवरून उठून उभेच राहिले. आमचं गाव गर्भगिरीच्या डोंगरात, घाट चढून वर. पीक म्हणाल तर बाजरी, हुलगे आणि दगड. एसटी यायची, पण तिच्या मर्जीने. त्या गावात आप्पांनी भरल्या चावडीवर सांगून टाकलं, "माझी लेक आता पायानं घाट चढायची न्हाई. मोटारीत बसून म्हायेरी येनार."

मुलगी मोटार बघून दिली खरी, पण मोटार चढावर चालवून कुणी बघितली नव्हती.

ती मोटार माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, नगरला एका साहेबाच्या सामानाच्या लिलावात घेतली होती. विलायती, युद्धाच्या आसपासची, एकेकाळी काळी असावी. सपाटीला ती मोठी सालस होती. बेलापूर ते नगर रस्त्याने गुपचूप यायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चढ दिसला की मात्र तिला आजारपण आठवायचं. आमच्या घाटात एक वडाचं वळण आहे. पहिल्या दिवाळीला मी नवी नवरी, अंगावर कोरं लुगडं आणि दागिने अशी माहेरी निघाले, आणि त्या वळणावर मोटारीने मान टाकली. सगळे उतरले. मामंजी तेवढे आत बसून राहिले, कारण मोटारीचा मालक उतरला तर मोटारीची शोभा जाते असं त्यांचं मत. वर घाटमाथ्यावर आप्पा अख्खा गाव घेऊन स्वागताला उभे. वाट बघून बघून ते खाली आले, परत वर गेले, आणि बैलजोडी घेऊन आले. जाड दोराचा नाडा बांधला, बैलांनी मोटार ओढली. गावात वरात अशी शिरली: पुढे बैल, मग मोटार, मोटारीत एकटे मामंजी, आणि मागे धुळीने पांढरी झालेली मी, चपला हातात घेऊन.

चावडीवर एक जण म्हणाला, "आप्पा, बैलच जुपायचं व्हतं तर छकडाच धाडायचा की! त्याला पेट्रोल तरी लागत न्हाई."

सगळे हसले. आप्पाही हसले. ते कसे हसले ते मी बघितलं.

पुढच्या खेपेला ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, एक अक्कल लढवली. मोटारीच्या रिव्हर्स गिअरला सगळ्यात जास्त ओढ असते, म्हणून वळणावर मोटार फिरवली आणि उलटी चढवली. चढली! पण गावात शिरताना आधी आमची पाठ दिसली. त्याच चावडीवरून आवाज आला, "आप्पा, पाव्हनं आलं का निगालं?"

त्यानंतर आप्पांनी चावडी सोडली. हे मला आईने निघायच्या आदल्या दिवशी सांगितलं, तेही सहज, भाकरी थापता थापता. "सांजच्याला घरीच बसत्यात आताशा. तमाकू बी घरीच मळत्यात." आमचे आप्पा म्हणजे जेवण झाल्यावर हात धुतले न धुतले की चावडीकडे पाय वळणारा माणूस. पाऊस असो, ताप असो. ते घरात भिंतीला टेकून तंबाखू मळताहेत हे चित्र मला काही केल्या सहन होईना. मला राग पटकन येतो, आणि तेव्हा तर वयच रागाचं होतं. परतीच्या वाटेवर मी ह्यांना सांगितलं, "एक तर ह्या मोटारीला जोर आना, न्हाईतर मला म्हायेरी सोडायला बैलगाडी जुपा. मी हिच्यातनं उतरून पुन्यांदा घाट चढायची न्हाई."

माणसाला वाटतं आपण रागावलो. नवऱ्याचा चेहरा मात्र असा उजळला, की जणू मी सत्यनारायण घालू या म्हटलं होतं.

झालं असं होतं की ह्यांचा जीव यंत्रात. नगरला कॉलेजात जाऊन आले होते, पण पुस्तकापेक्षा विहिरीवरचं ऑइल इंजिन जास्त वेळा उघडलेलं. मोटारीला हात लावायची मात्र बंदी होती. "चालतीय तवर हात लावू नगं," हे मामंजींचं म्हणणं. आता सुनेच्या माहेरचा प्रश्न आला. मी मामंजींशी थेट बोलायची पद्धत नव्हती, म्हणून मी सासूबाईंशी बोलले, म्हणजे आत्याबाईंशी, त्या मामंजींशी बोलल्या, आणि उत्तर त्याच वाटेने परत आलं: माझ्या खिशाला हात लावायचा नाही, मग काय करायचं ते करा.

ह्यांच्याकडे नगरच्या रद्दीवाल्याकडून आणलेलं एक इंग्रजी मासिक होतं. त्यात पाइप ओढणारा एक गोरा माणूस जुन्या गाडीच्या इंजिनात हात घालून हसत होता. घरच्या घरी, हातातल्या हत्यारांनी, जुन्या इंजिनातून जास्त ताकद कशी काढायची ते त्यात लिहिलं होतं. गोरा माणूसही बहुतेक सासऱ्याच्या खिशाला हात न लावणारा असावा. हे मला वाचून दाखवत आणि मराठीत समजावून सांगत. लग्न झाल्यापासून आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

गुऱ्हाळाच्या छपराखाली काम सुरू झालं. आमच्या मोटारीच्या इंजिनाचं हेड म्हणजे अक्षरशः झाकण होतं, बिडाचं, जाड आणि खालून जवळजवळ सपाट. ते झाकण थोडं झिजवलं की आतली जागा कमी होते, हवा आणि पेट्रोल जास्त दाबलं जातं, आणि जास्त दाबलं की पेटताना जास्त जोर करतं. मला हे लगेच पटलं. कोंडलेली वाफ झाकणाचं काय करते ते चुलीपाशी बसणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही.

झाकण झिजवायचं तर खाली एकदम सपाट काहीतरी हवं. ह्यांनी आधी पाटा बघितला. पाट्याला टाकीचे घाव घातलेले, तो काय सपाट असणार! मग फळ्या बघितल्या, उंबरा बघितला. मग त्यांची नजर आमच्या खोलीतल्या कपाटावर गेली आणि तिथेच राहिली. ते कपाट माझ्या रुखवतातलं. त्याला जाड काचेचा आरसा होता, आप्पांनी नगरहून मांडीवर धरून आणलेला.

"न्हाई," मी म्हणाले.

"काच सपाट असती," हे म्हणाले.

मी आरशात एकदा स्वतःला नीट बघून घेतलं, पदर सारखा केला, आणि स्क्रू काढायला पेचकस मीच आणून दिला. आप्पांचा आरसा आप्पांच्याच कामाला लागत होता, मग रडायचं कशाला!

आरसा गुऱ्हाळात आडवा घातला, त्याच्यावर पॉलिश कागद चिकटवला, आणि त्यावर हेड घासायचं, इंग्रजी आठाचा आकडा काढत. बीड सहजासहजी झिजत नाही हो. हे दमले, गडी दमले, गूळ न्यायला आलेल्या माणसालाही ह्यांनी घासायला बसवलं. शेवटी मी बसले. समोर आत्याबाई येऊन बसल्या. दोघींनी दोन बाजूंनी हेड धरलं आणि जात्यावर बसल्यासारख्या घासायला लागलो. हातात दळणाची लय आली तर तोंडात ओवी येणारच. आत्याबाईंनी तिथल्या तिथे रचली:

मोटारीचं झाकन, झिजव गं सूनबाई,
वडाच्या वळनाला थांबायाचं काम न्हाई.

मला हसू आवरेना. हसताना हात थांबला तर त्या ओरडल्या, "घास घास, हासतीस काय!" आणि स्वतःच पदर तोंडाला लावून हसू लागल्या. ही बाई गाऊ शकते हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग आले व्हॉल्व्ह. इंजिनात ही लोखंडी छत्र्यांसारखी झाकणं असतात, उघडझाप करणारी. ती नीट बसली नाहीत की दाब निसटतो आणि जोर जातो. ती जिथे टेकतात त्या बैठकीला खरखरीत मलम लावायचं, व्हॉल्व्हच्या डोक्यातल्या खाचेत काठी बसवायची आणि ती दोन्ही तळव्यांत धरून मागेपुढे फिरवायची. ते मलम नगरजवळच्या नागापूरला नुकत्याच उभ्या राहिलेल्या एका वर्कशॉपातल्या मित्राने ह्यांना डबीत घालून दिलं होतं. हे काठी फिरवायला लागले आणि मी बघतच राहिले. काठी कधी इकडे झुकायची, कधी तिकडे. मधेच निसटायची. मला राहवेना. "सरका," म्हणाले. दोन्ही तळव्यांत काठी घेतली आणि घुमवायला लागले. पुढे, मागे, जरा उचलायची, जरा फिरवून बसवायची, परत पुढे, मागे. ताकाची रवी आणि काय! फरक इतकाच की वर लोणी येत नव्हतं. हात थांबवून व्हॉल्व्ह पुसला तर त्याच्या कडेला करड्या रंगाचं एकसारखं कडं उमटलं होतं, कुठे तुटलेलं नाही. हे ते कडं उजेडात धरून बघत राहिले, आणि मग माझ्याकडे बघत राहिले. लग्नात अंतरपाट खाली आला तेव्हासुद्धा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं.

"तुज्या हाताला इंजिन कळतं," हे म्हणाले.

"इंजिन न्हाई. ताक कळतं," मी म्हणाले. पण राहिलेले सगळे व्हॉल्व्ह मीच घुसळले, कुणाला हात लावू दिला नाही.

हवा आत जायच्या वाटा ह्यांनी कानशीने गुळगुळीत केल्या. सायलेन्सरच्या आतलं सगळं उपसून टाकलं, म्हणजे धुराची वाट मोकळी. इंजिन परत जोडलं, हँडल मारलं, आणि मोटार जी गरजली, की गोठ्यातली म्हैस त्या सांजेला दूध द्यायला तयार होईना. आत्याबाई चिडल्या. मामंजी सोप्यावरून म्हणाले, "आता ही मोटार हाय का चरकाचं इंजिन?" पण आवाजात कौतुक लपत नव्हतं, कारण ते तेव्हाच उठून चपला शोधायला लागले होते.

एवढ्यावर भागत नाही. ठिणगी नेमकी कधी पडावी, हे ठरवायला टायमिंग लावावं लागतं. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा आणि गाडी पळवून इंजिन ऐकायचं. ठिणगी लवकर पडली की इंजिनात खडे वाजतात, उशिरा पडली की जोर जातो. पण गाडी पळवायची आणि इंजिनाला कानही लावायचा, ही दोन्ही कामं एका माणसाने कशी करायची? हे म्हणाले, "तू चालव, मी ऐकतो."

असं मी मोटार चालवायला शिकले. पाटाच्या भरावावरच्या वाटेवर, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. हे पुढच्या मडगार्डवर पालथे पडलेले, बॉनेट उघडं, कान इंजिनापाशी, हाताने खुणा: जोरात, हळू, जोरात. आधी मी घाबरले. मग मला ते इतकं आवडलं, इतकं आवडलं, की मी हळूची खूण दिसली नाही असं सोंग करू लागले. पदर डोक्यावरून उडाला तो उडालाच. उसात काम करणाऱ्या बायांनी बघितलं, की मोठ्या घरची सून गडगडाट करत मोटार हाकतेय आणि मालक पुढच्या चाकावर पालथे पडलेत. आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती, की सुनेने नवऱ्याला मोटारीखाली घातलं. आत्याबाई ऊर बडवत दारात उभ्या. मागून हे काळ्या तोंडाने हसत उतरले, तेव्हा त्यांनी आधी ह्यांच्या अंगाला हात लावून खात्री केली आणि मग दोघांना मिळून शिव्या घातल्या.

मासिकाच्या शेवटच्या पानावर गोऱ्या माणसाने सगळ्यात स्वस्त युक्ती सांगितली होती. गाडीचं ओझं कमी करा, म्हणजे आहे तोच जोर पुरतो. हे पाना घेऊन सुटले. बंपर काढले, टपावरचं कॅरियर काढलं, मागचं सीट काढलं. एक दिवस बघते तर हॉर्नही काढून खुंटीला टांगलेला.

"आवं, हॉर्न कशाला? त्याचं वजन ते किती!"

"वजन ते वजन. आन् हिचा आवाज ऐकूनशान कोन मधी थांबतंय?"

तोवर चैत्र आला होता. चैत्रात आमच्या गावची जत्रा असते. पंचक्रोशी लोटते. ह्या जत्रेला मी मोटारीत बसून वर जाणार, सगळ्या जगासमोर, असं मी मनाशी ठरवून टाकलं. आप्पांना निरोपही धाडला, येतेय म्हणून. उलट निरोप आला, "ये. बैल तयार ठेवतो."

हा निरोप ऐकून मला जे वाटलं ते सांगायला नको.

निघायच्या सकाळी मी नटूनथटून बाहेर आले, तर मोटारीत गूळ भरणं चालू होतं. मागचं सीट काढलं होतं ना! आमच्या घरात रिकामी जागा कुणाला बघवत नाही. आत्याबाई एकेक ढेप आत देत होत्या, आणि मामंजी ती नीट रचून घेत होते. ह्यांनी कपाळाला हात लावला.

"आई, वजन कमी करायला सीट काढलंय!"

"मंग? सोयऱ्याच्या दारात जत्रंला रिकाम्या हातानं जायाचं व्हय?"

"दादा, तुमी तरी सांगा."

मामंजी शांतपणे म्हणाले, "जोर आलाय म्हनतुयास ना? मंग जोर आल्याव वझं वाडवायचं का कमी करायचं?" त्यांचा हिशेब सरळ होता. बैल चांगला निघाला की त्याच्या गाडीत जास्तीची पोती चढतात, हे त्यांनी जन्मभर केलेलं. ढेपांवर उसाची मोळी आली, मोळीवर लुगड्यांचं गाठोडं आलं, आणि सगळ्यावर आत्याबाई बसल्या, कारण बसायला दुसरं काही उरलंच नव्हतं. मामंजी आणि मी पुढे एका सीटवर. मामंजी दाराशी, मी मधे अंग चोरून, पदर पुढे ओढून. गोऱ्या माणसाला आमच्याकडच्या पाहुणचाराची काही कल्पना नसावी.

तरीही मोटार काय धावली! नगर मागे पडलं, उन्हं चढली, डोंगर दिसायला लागला. घाटाचा पहिला चढ ती गाणं म्हटल्यासारखी चढली. दुसऱ्या वळणावर पुढे जत्रेच्या माणसांनी टपापर्यंत भरलेला एक ट्रक धापा टाकत होता. ह्यांनी तो मागे टाकला. मागे टाकला! आमच्या मोटारीने आजवर चढावर मागे टाकलेली ती पहिली वस्तू. आत्याबाई गुळावरून टाळ्या पिटायला लागल्या. मामंजींनी खिडकीतून हात काढून ट्रकवाल्याला राम राम केला. मी आनंदाने ओरडले, सासरे शेजारी आहेत हे विसरून.

आणि मग वडाचं वळण आलं. आवाज जड झाला. हे पुढे झुकले, आम्हीही झुकलो, जणू आमच्या झुकण्याने काही होणार होतं. मोटार हळू झाली, अजून हळू झाली, आणि बरोबर त्याच वडाखाली थांबली. ह्यांनी ब्रेक दाबून धरला. मामंजींनी खिडकीतून ओरडून रस्त्याने चाललेल्या एका जत्रेकऱ्याकडून चाकामागे दगड लावून घेतला.

वर घाटमाथ्यावर माणसं दिसत होती. त्यांच्या पुढे एक पांढरं पागोटं आणि दोन पांढरे बैल.

सवयीने ह्यांनी दाराच्या मुठीला हात घातला. मी मोठ्याने म्हणाले, "मी उतरनार न्हाई."

मामंजींसमोर मी बोललेलं ते पहिलं वाक्य. आता काय होतंय म्हणून मी पदराचं टोक मुठीत आवळून बसले.

मागून गुळावरून आवाज आला, "उतरा वं तुमी."

"मी?" मामंजी म्हणाले.

"न्हाईतर कोन? तिच्या बापानं सांगितलंय भरल्या चावडीत, लेक मोटारीत बसून येनार म्हनून. तिनं आरसा दिला, तिनं व्हॉल्व घुसाळलं. आन् ढेपा कुनी लादल्या? उतरा खाली." असं म्हणून आत्याबाई स्वतः उतरल्या आणि पहिली ढेप त्यांनीच ओढून काढली.

मामंजी उतरले. माझ्या माहितीत चालत्या संसारात एवढी मोठी घटना आमच्या घरात दुसरी झाली नाही. गूळ उतरला, ऊस उतरला, गाठोडं उतरलं. ह्यांनी मोटार सुरू केली, मामंजींनी दगड काढला. मोटार निघाली, थोडी चढली, परत गुदमरली. परत दगड. ह्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघितलं. मीही त्यांच्याकडे बघितलं, आणि एकाच वेळी दोघांच्या लक्षात आलं. आमचे हे अंगाने चांगले भरलेले. गुऱ्हाळावरचा जन्म, काकवीवर पोसलेला देह. मी तेव्हा काडीसारखी होते.

"तू चालव," हे म्हणाले.

"सुनंनं?" मामंजी खालून म्हणाले.

"ती तशी बी उतरत न्हाई म्हनतीया, दादा," असं म्हणत हे उतरले.

मी सरकून स्टिअरिंगमागे बसले. पदर कमरेला खोचला. ह्यांनी हँडल मारलं, मग त्यांनी आणि मामंजींनी मागून खांदा लावला, आत्याबाईंनी दगड काढला, मी क्लच सोडला. मोटार थरथरली, मग एकदम हलकी झाली, आणि चढायला लागली. चढतच राहिली! वडाचं वळण मागे गेलं. मी तिला काय काय म्हणत होते, बाई गं, माझे आई, चल, चल. मग मी आत्याबाईंची ओवी म्हणायला लागले, बेंबीच्या देठापासून, कारण त्या आवाजात मला माझंच ऐकू येत नव्हतं. डोंगर दोन्हीकडून दणाणत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. एवढी मोकळी मी आयुष्यात कधी झाले नव्हते. मागच्या काचेत एकदा बघितलं, तर ढेपा डोक्यावर घेऊन माझं सासर रांगेने घाट चढत होतं.

वर आप्पांचे बैल त्या गडगडाटाला बुजले आणि नाड्यासकट जत्रेत पळाले. मी सपाटीला येऊन मोटार उभी केली तेव्हा आप्पा हात रिकामे घेऊन एकटेच रस्त्याच्या मधोमध उभे होते. बाकीचा गाव पळून बाभळीआड उभा होता. आप्पांनी जवळ येऊन आत बघितलं. मागे बघितलं. परत मला बघितलं.

"बाकीची कुठं हायत?"

"येत्यात मागनं. चालत."

"पाव्हनं?"

"चालत."

"व्याही?"

"चालत. डोक्याव गूळ घिऊन."

व्याही उन्हात डोक्यावर ओझं घेऊन चालत येतोय, ह्यासारखी लाजेची गोष्ट आमच्याकडे नाही. आप्पांचा चेहरा आधी पडला. त्यांनी घाटाच्या कडेला जाऊन खाली बघितलं, आणि तिथेच त्यांच्या पाठीला हादरे बसायला लागले. मला वाटलं रडतात. वळले तर हसत होते. इतके, की पागोटं काढून त्यांनी डोळे पुसले. धावत आलेल्या माझ्या चुलत्यांना त्यांनी पाहुण्यांचं ओझं घ्यायला खाली पिटाळलं, आणि मग दार उघडून माझ्या शेजारी येऊन बसले. ह्या मोटारीत ते अजून एकदाही बसले नव्हते.

"चल," म्हणाले.

"घरी?"

"चावडीवरनं."

जत्रेचा गाव. रस्त्यात पाळणे, रेवड्यांची दुकानं, नारळवाले, माणूस नुसता तुंबलेला. लोक आवाज ऐकून पळायच्या ऐवजी बघायलाच पुढे येत होते. आप्पा म्हणाले, "हॉर्न वाजीव की."

"काढलाय, आप्पा. वजन व्हतं."

आप्पांनी क्षणभर विचार केला. मग खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर निघाले, एका हाताने टप धरला आणि ओरडायला लागले, "सरका! सरका रं! लेक आली माजी! मोटारीत बसून आली! सरका!"

चावडीपाशी मी मुद्दाम हळू केली. जे हसले होते ते सगळे तिथे होते, आणि आप्पा त्यांच्या तोंडावर ओरडत होते, "सरका!" आम्ही घरी गेलोच नाही. देवळाला वळसा घातला आणि परत चावडीवरून आलो, मग परत. आमचे हे घामाघूम होऊन गावात शिरले, डोक्यावर शेवटची ढेप, तर आप्पा जावयालाही तेवढ्याच जोरात म्हणाले, "सरका, पाव्हनं, सरका! लेक येतीय!" आणि हे ढेपेसकट बाजूला सरकले आणि हसत उभे राहिले.

त्या ओरडण्याने आप्पांचा घसा पार गेला. जत्रा उठेपर्यंत त्यांना एक शब्द बोलता येत नव्हता. तरी सांजेला जेवण झालं की ते हात धुवायचे, तंबाखूची चंची उचलायचे आणि चावडीवर जाऊन बसायचे.